भावकूअण्णाची विघ्न वाइन

भावकू मन्नोळकरानं उभ्या जन्मात दारूचा थेंब तोंडात घेतला नाही, पण दारूपायी सात हजार अंडी फोडली. हे ऐकून लोक हसतात. मीही पहिल्यांदा हसलो होतो. कंग्राळीत आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. मी गावातल्या शाळेत मास्तर. शेजारी काय शिजतंय हे मला वासावरून कळतं, आणि मधली काही वर्षं त्याच्या घरातून दर हंगामात नुसत्या बलकाच्या पोळीचा वास यायचा. वाडगाभर पोळी आमच्याकडेही यायची, पिवळीजर्द. एकदा मी त्याच्या बायकोला विचारलं, "अक्काताई, ह्या अंड्यांचं पांढरं कुठं जातं?"

"दारूत," ती म्हणाली, आणि भांडी घासायला लागली.

भावकूअण्णा मुळात गुळव्या. गुऱ्हाळावर काहिलीपुढं उभं राहून रस निवळायचा, पाक कधी उतरायचा ते ठरवायचं, हे त्याचं काम. उसाचा कच्चा रस गढूळ असतो. त्यात रानभेंडीचं चिकट पाणी सोडलं की सगळी मळी फेसाबरोबर वर येते, ती झाऱ्यानं काढून टाकायची. भेंडी किती आणि कधी सोडायची, यात त्याचा हात धरणारा आमच्या भागात कुणी नव्हता, असं तो स्वतःच सांगायचा. पुढं सगळा ऊस कारखान्यांकडे जायला लागला, गुऱ्हाळं एकेक करून बंद पडली, आणि सेहेचाळीसाव्या वर्षी भावकूअण्णा कट्ट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला गुळाच्या गोष्टी सांगायला लागला.

त्याच सुमाराला निपाणीच्या राजकुमारशेठनं आमच्या गावाच्या पुढं, हायवेला लागून, हंसवेल वायनरी काढली. राजकुमारचं घराणं तंबाखूचं. आजोबांनी विडीची तंबाखू विकली, वडिलांनी मळून खायची विकली. राजकुमार परदेशात सहा महिने राहून आला आणि म्हणाला, रेड वाइन हृदयाला चांगली असते, आता आपण लोकांच्या तब्येतीसाठी काहीतरी करायचं. दोन पिढ्यांनी गिऱ्हाइकांची फुप्फुसं सांभाळली होती, तिसरीनं हृदय हातात घेतलं.

वायनरीच्या दारात दोन गुंठ्यांत द्राक्षाच्या वेली लावल्या. त्या फोटोसाठी. खरी द्राक्षं अथणीकडून ट्रकनं येत आणि मागच्या दारानं आत जात. पुण्याहून किशन नावाचा एक सल्लागार आणला होता. तो ग्लास गोल फिरवून त्यात नाक घालायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "ह्यात ह्या मातीचा स्वाद उतरलाय." अथणीच्या द्राक्षात त्याला कंग्राळीची माती लागायची. नाक तयार असलं म्हणजे काय होतं ते बघा.

भावकूअण्णा तिथं हमालीला म्हणून गेला. पहिल्याच आठवड्यात त्यानं पिंपातून काढलेली तांबडी वाइन उन्हात धरून बघितली आणि किशनला विचारलं, "सायेब, ही गढूळ हाय की. भेंडी सोडत न्हाईसा व्हय हिच्यात?"

किशन हसला. "भेंडी नाही हो. अंडी घालतो."

मग भावकूअण्णा हसला. त्याला वाटलं साहेब चेष्टा करतोय. पण चेष्टा नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी अंड्यांचे ट्रे आले.

ते काम असं. काळी द्राक्षं चेचून सालीसकट ठेवायची, म्हणजे सालीचा रंग रसात उतरतो. आंबवण साखर खातं आणि तिची दारू करतं. फसफसणं थांबलं की पिंपात भरून ठेवायचं. महिने गेले तरी तिच्यात बारीक कण तरंगत राहतात आणि साल-बियांचा तुरटपणा जिभेला ओढतो. तेव्हा अंड्यातलं पांढरं काढायचं, चिमूटभर मीठ आणि थोडं पाणी घालून हळू घुसळायचं, फेस होऊ द्यायचा नाही, पिंपात सोडून काठीनं फिरवायचं. पांढरं त्या तुरटपणाला जाऊन चिकटतं, जड होतं आणि दोन-तीन आठवड्यांत तळाशी बसतं. वरची नितळ वाइन दुसऱ्या पिंपात ओढून घ्यायची. अंडं खाली राहतं. वाइनमध्ये काही उरत नाही, म्हणजे जवळजवळ नाही. ह्या 'जवळजवळ'वरून पुढं मोठं रामायण झालं.

पांढऱ्या वाइनला अंडं नाही चालत. तिला माशाच्या पोटातल्या हवेच्या फुग्याची पूड लागते. ती डब्यातून यायची, भावकूअण्णा तिला 'माशाचं पीठ' म्हणायचा. गुलाबी वाइनचा रंग मळकट झाला तर दुधातल्या प्रथिनाची पावडर. हे सगळं त्यानं घरी सांगितलं तेव्हा अक्काताई म्हणाली, "द्राक्षाच्या दारूत अंडी, मासा आन् दूध? मग जेवायला काय ऱ्हायलं?"

एका पिंपाला पाच अंडी, हंगामात दोनशे पिंपं. बलकाचा एक थेंब पांढऱ्यात पडला तर त्यातल्या चरबीनं सगळं बिघडतं, म्हणून हात स्थिर पाहिजे. भावकूअण्णाचा होता. बलकं किटलीत घालून तो घरी आणायचा, आणि अक्काताईनं निम्म्या गल्लीला पिवळ्या पोळ्यांची सवय लावली.

एकदा मात्र त्याच्यातला गुळव्या जागा झाला. अंड्यांची गाडी दोन दिवस आली नाही. भावकूअण्णानं कुणाला न विचारता एका पिंपात रानभेंडीचं पाणी सोडलं. तिसऱ्या दिवशी तोटी उघडली तर वाइनची तार निघाली. हातभर लांब, शेंबडासारखी. नेमका त्याच वेळी किशन आला, त्यानं त्याच पिंपातला घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "वा. मखमली. जिभेवर रेंगाळते."

"रेंगाळणारच," भावकूअण्णा मला नंतर म्हणाला. "गिळाय येत न्हवती न्हवं." त्यानं ते पिंप गुपचूप गटारीत ओतलं. त्या दिवसापासून भेंडीचं नाव काढलं नाही आणि किशनच्या नाकाला भ्यायचंही सोडून दिलं.

सहा-सात वर्षं अशी गेली. मग राजकुमारशेठ बेंगळुरूच्या एका प्रदर्शनाला जाऊन आला आणि एक नवा शब्द घेऊन आला. सगळ्या कामगारांना अंगणात गोळा करून त्यानं सांगितलं, की आता जग बदललंय, लोक प्राण्यांपासून आलेलं काहीही खात-पीत नाहीत, आणि इथून पुढं आपली वाइन व्हीगन.

भावकूअण्णानं घरी येऊन सांगितलं, "आता आमची विघ्न वाइन."

"विघ्न?" अक्काताई म्हणाली. "आन् हे मालक सवताच्या तोंडानं सांगतोय?"

दुसऱ्या आठवड्यात हिरव्या पानाचे स्टिकर छापून आले. दहा हजार. ते बाटल्यांवर लागले. तांबडीवर, पांढरीवर, गुलाबीवर, मागच्या दोन वर्षांच्या जुन्या मालावर सुद्धा. आत काही बदललं नाही. अंड्यांचे ट्रे पूर्वीसारखे येत राहिले, फक्त आता मागच्या दारानं. भावकूअण्णानं किशनला विचारलं, "सायेब, हिरवं पान लावलंय, मग अंडी थांबवायची का?"

"अहो, ते मार्केटिंग आहे," किशन म्हणाला. "तुमचं काम प्रॉडक्शनचं."

मग राजकुमारला सुचलं, की येणाऱ्या पाहुण्यांना वायनरी दाखवायला अस्सल शेतकरी पाहिजे. किशनची इंग्रजी मंडळींना मिळमिळीत वाटते. नजर भावकूअण्णावर पडली. त्याला धोतर, बाराबंदी आणि भगवा फेटा दिला. आमच्याकडे बाराबंदी कुणी घातलेली मी पाहिली नाही. भावकूअण्णा लग्नातसुद्धा पँटवर उभा होता. त्याला एक वाक्य पाठ करायला दिलं, आणि तो दोन दिवस अंगणात येरझाऱ्या घालत म्हणत होता, "आमच्याकडं फकस्त सूर्य, माती आन् माया." अक्काताई मध्येच ओरडायची, "आन् अंडी!" मग तो चुकायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचा.

दिवाळी झाल्यावरच्या एका रविवारी सकाळी बेंगळुरूहून व्हीगन मंडळींची बस आली. तीसेक माणसं. बेळगावचे मानकरीही बोलावले होते. एक बिल्डर, दोन डॉक्टर, आणि मोफत आहे म्हणून मी. त्याच्या ड्रायव्हरच्या मुलासाठी शाळेचा दाखला हवा म्हणून राजकुमारनं मला आमंत्रण दिलं होतं, हे कबूल केलेलं बरं.

मंडळी उत्साहात होती. एकजण प्रत्येक ग्लासाबरोबर फोटो काढत होता. दुसरा, अंगानं भरलेला, गळ्यात लाकडी मणी, प्रत्येक घोटानंतर म्हणत होता, "कसं हलकं हलकं वाटतं बघा. शरीराला कळतं कशात हिंसा नाही ते." त्याचे चार ग्लास झाले होते. मीही एक घेतला. मला ते कडवट सरबत वाटलं, पण बिल्डर मान डोलवत होता म्हणून मीही डोलवली.

भावकूअण्णा फेट्यात उभा राहिला आणि वाक्य म्हणाला. टाळ्या पडल्या.

मंडळींची पुढारी होती मंजुश्री नावाची बाई, पस्तिशीची, मूळची बेळगावचीच, बेंगळुरूला नोकरी. तिनं टाळी वाजवली नाही. तिनं विचारलं, "वाइन निवळायला काय वापरता?"

किशन पुढं झाला. "आमची पारंपरिक युरोपियन पद्धत आहे, मॅडम."

"म्हणजे काय वापरता?"

"अगदी कमीत कमी हस्तक्षेप. निसर्गाला त्याचं काम करू देतो."

मंजुश्री भावकूअण्णाकडे वळली. "अण्णा, तुम्ही सांगा. ही गढूळ असते ना? मग स्वच्छ कशानं करता?"

आता इथं एक गोष्ट लक्षात घ्या. भावकूअण्णा काही सत्यवचनी हरिश्चंद्र नव्हे. भेंडीच्या पिंपाबद्दल त्यानं मालकाला इतकी वर्षं कळू दिलं नव्हतं. पण सात वर्षांत त्याच्या कामाबद्दल कुणी पहिल्यांदाच विचारत होतं, आणि तेही कळून विचारत होतं. त्याचा चेहरा उजळला.

"ह्या तांबडीला अंडी," तो म्हणाला. "एका पिंपाला पाच. मीच फोडतो. बलकाचा एक थेंब पडू देत न्हाय. ती पांढरी हाय न्हवं, तिला माशाचं पीठ. आन् गुलाबीला दूध पावडर, पर ती दर वक्ताला न्हाय."

लाकडी मण्यांच्या गृहस्थानं हातातला पाचवा ग्लास खाली ठेवला आणि पोट धरलं. "मला मघापासूनच कसंतरी होत होतं," तो म्हणाला. फोटोवाला फोटो पुसायला लागला. एक बाई तोंडावर रुमाल धरून वेलींकडे धावली, त्या दोन गुंठ्यांतल्या, आणि त्या वेलींचा पहिल्यांदाच काहीतरी उपयोग झाला. बेळगावच्या डॉक्टरांनी मात्र ग्लास संपवला. ते कोंबडीखाऊ होते, त्यांना काही फरक पडत नव्हता.

भावकूअण्णा गोंधळला. आपलं काय चुकलं हे त्याला कळेना. आपण बाईंना पुरतं समजावलं नाही असं वाटून तो म्हणाला, "ताई, मातीनं बी निवळती. एक चिकणमाती येती पिशवीत. आदल्या दिवशी कोमट पाण्यात भिजत घालायची, गुठळ्या मोडायच्या. ती चालती का तुमास्नी?"

"ती चालते," मंजुश्री म्हणाली.

"मातीत गांडुळं असत्यात, म्हणून विचारलं."

"ती खाणीतली असते. तिच्यात गांडुळं नसतात."

"मग बरं. आन् बागेला शेणखत घालत्यात, त्याचं काय? आन् द्राक्षाच्या गाडीत मुंग्या, किडं असत्यात. एकदा सरडा आलता. सगळं चेचलं जातंय की त्यात."

मंजुश्री म्हणाली, "ते अवघड आहे, अण्णा. त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. आम्ही होईल तेवढं टाळतो." त्या दिवशी तिथल्या तीस-चाळीस माणसांत 'माझ्याकडे उत्तर नाही' म्हणणारी ती एकटी.

बस जेवणाआधीच निघून गेली. राजकुमार भावकूअण्णापुढं येऊन उभा राहिला. "तुला कुणी बोलाय सांगितलं रं?"

"ताईंनी इचारलं."

"म्हणून सांगायचं?"

"मग काय करायचं हुतं? मागच्या दारानं आलेली अंडी म्हणायची व्हय सूर्य, माती आन् माया?"

"उद्यापासनं येऊ नको," राजकुमार म्हणाला.

भावकूअण्णानं फेटा काढला, नीट घडी करून टेबलावर ठेवला आणि बाराबंदीवरच घरी आला, कारण शर्ट आत राहिला होता आणि परत जायचं नव्हतं. मला वाटलं नोकरी गेल्याचं दुःख असेल. पण कट्ट्यावर बसल्यावर तो म्हणाला, "मास्तर, सात वर्सं फोडली. कुणी बघाय आलं न्हाय. आज सांगितलं तर लोकांनी तोंडावर फडकी धरली. एवढं घाण काम हुतं व्हय माझं?" मी सकाळीच मान डोलवून आलो होतो.

अक्काताई आतून म्हणाली, "घाण न्हाय. पर सांगायची घाई झाली. अजून वरीसभर थांबला असतास तर दिवाळीची साडी घेऊन झाली असती." दिवाळी होऊन गेली होती. पण तिला पुढची म्हणायची होती.

पंधरा दिवसांनी मंजुश्री विचारत विचारत गल्लीत आली. माहेरी आली होती. तिला आपल्या मंडळींसाठी वाइनची यादी करायची होती, कुठली घ्यावी, कुठली नको. "तुमच्यासारखं सरळ सांगणारं दुसरं कुणी मला भेटलं नाही," ती म्हणाली. अक्काताईनं तिला बिनदुधाचा चहा दिला, म्हणजे गुळाचं गरम पाणी, आणि तिच्याकडे दयेनं बघत बसली.

भावकूअण्णाला फक्त हंसवेलचं माहीत होतं. मग ठरलं की बाटलीवरचे नंबर बघून कंपन्यांना फोन करायचे. मंजुश्रीनं बॅगेतून बाटल्यांचे फोटो काढले, फोन आमच्या ओट्यावर मोठ्या आवाजात लावला, आणि बोलायचं काम भावकूअण्णानं केलं.

"हॅलो, तुमच्या पांढऱ्या वाइनीत मासा घालता का?"

पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, आमची वाइन हा एक प्रीमियम अनुभव आहे."

"अनुभव राहू दे गं बाई. मासा हाय का?"

"सर, मी तुमची तक्रार नोंदवू का?"

दुसऱ्या कंपनीनं सांगितलं की आमची वाइन शंभर टक्के शाकाहारी आहे, कारण ती द्राक्षांची असते. तिसरीकडच्या माणसानं विचारलं, "तुम्हाला मासा हवाय की नकोय?" म्हणजे तसं उत्तर द्यायला. चौथ्यानं फोन साहेबाला दिला, साहेबानं दुसऱ्या साहेबाला, आणि शेवटी कुणीतरी गाणं लावून ठेवलं. विजापूरकडच्या एका छोट्या वायनरीच्या मालकानं मात्र स्वतःच फोन उचलला.

"काही घालत नाही हो आम्ही," तो म्हणाला. "दोन हिवाळे तशीच ठेवतो, आपसूक निवळते. थोडा गाळ राहतो."

"का घालत न्हाईसा?"

"कंटाळा," तो म्हणाला.

मंजुश्रीच्या यादीत पहिलं नाव ह्या कंटाळ्याचं लागलं. दिवसभरात अकरा फोन झाले. त्यातल्या तिघांनी सरळ उत्तर दिलं. त्यातला एक म्हणाला, होय, अंडी घालतो, आणि भावकूअण्णानं त्याच्याशी अर्धा तास फेस कसा टाळायचा यावर गप्पा मारल्या.

संध्याकाळी तिनं विचारलं, "दुकानात उभं राहिल्यावर माणसानं ओळखावं कसं?"

"बघून कळत न्हाय," भावकूअण्णा म्हणाला. "नितळ हाय म्हणून अंड्याची असंल असं न्हाय, मातीनं बी नितळ हुती. वाटाण्याचं सत्त्व बी मिळतंय म्हणं आता. हिरवं पान बघून तर मुळीच घेऊ नका, ते कसं लागतंय ते मी बघितलंय. मागं बारीक अक्षरात न गाळलेली, न निवळलेली लिहिलं असंल तर बरं. न्हायतर फोन करायचा. तांबडी असंल तर अंडी का विचारायचं, पांढरी असंल तर मासा का. ज्यो लगेच सांगंल त्याच्यावर भरोसा ठेवायचा, मग त्यो काय बी सांगू दे. ज्यो निसर्गाचं नाव घेईल तिथं फोन ठेवायचा."

मंजुश्रीनं हे जसंच्या तसं, बोलीत, तिच्या मंडळींना कळवलं. ते कुठून कुठं फिरलं कोण जाणे, पण महिन्याभरात बेंगळुरूच्या दुकानदारांनी हंसवेलकडे विचारणा सुरू केली, की कुठल्या टाकीत काय घातलंय ते लेखी द्या. राजकुमारनं किशनला विचारलं. किशननं नाक दाखवलं. कुठल्या पिंपात काय पडलं हे फक्त एका माणसाच्या डोक्यात होतं, आणि तो कट्ट्यावर बसला होता.

राजकुमारची लांबरुंद गाडी आमच्या गल्लीत शिरली आणि शेजारच्या भरमाच्या म्हशीमागं अडकली. शेवटचं अंतर त्याला चालत यावं लागलं. "झालं गेलं सोड भावकू," तो म्हणाला. "परत ये. खरोखरची व्हीगन करू."

"येतो," भावकूअण्णा म्हणाला. "पर फेटा बांधणार न्हाय. आन् ज्यात जे घातलंय ते बाटलीवर लिव्हायचं. मोठ्या अक्षरात."

"अंड्यानं निवळली असं लिव्हू? कोण घेणार रं ती?"

"न घेऊ देत. मग मातीची घेतील."

राजकुमारपुढं दुसरा मार्ग नव्हता. हंगामात अर्धी वाइन अंड्यानं केली, अर्धी प्राण्यांचं काही न घालता. पांढरीला माती. तांबडीला पहिल्यांदा किशननं सांगितलेल्या मापानं वाटाण्याचं सत्त्व घातलं, तर सगळी चवच खाली बसली आणि वर रंगीत पाणी राहिलं. मग भावकूअण्णानं छोट्या बरण्या भरून, प्रत्येकीत थोडं थोडं वाढवत, आठ दिवस रोज उजेडात धरून माप शोधलं. चव बघायला तो दोन बायकांना बोलवायचा, वायनरीत बाटल्या धुणाऱ्या जयाबाई आणि नागुबाईंना. त्या घोट घेऊन थुंकायच्या आणि म्हणायच्या, "ओढतंय," किंवा "न्हाय ओढत." किशनच्या भाषेपेक्षा ही जास्त उपयोगी पडली.

बाटल्या बाजारात गेल्या आणि जे घडलं ते कुणाच्याच हिशेबात नव्हतं. बेळगाव-निपाणीकडच्या दुकानांत अंड्याची वाइन तीन आठवड्यांत संपली. गिऱ्हाइकं येऊन म्हणायची, "ती अंड्याची द्या. ताकद असती." एका पैलवानानं म्हणे सहा बाटल्या नेल्या. दुसऱ्यानं विचारलं, कोंबडी देशी होती का. अंडं तळाशी राहतं, वाइनमध्ये उतरत नाही, हे भावकूअण्णा जीव तोडून सांगायचा. लोक डोळा मारायचे आणि बाटली उचलायचे. सात वर्षं जे लपवून ठेवलं, ते मोठ्या अक्षरात लिहिल्याबरोबर खपलं.

मातीची आणि वाटाण्याची बेंगळुरूला गेली, हळूहळू. मंजुश्रीच्या मंडळींनी घेतली. लाकडी मण्यांचे गृहस्थ म्हणाले, ही तितकी हलकी वाटत नाही. राजकुमारला हुबळीच्या एका व्यापारी संमेलनात 'पारदर्शकता' ह्या विषयावर भाषणाला बोलावलं. त्यानं सांगितलं की हा विचार त्याच्या मनात पहिल्यापासून होता. किशन शेजारी बसून मान डोलवत होता.

तिसरा प्रकार भावकूअण्णानं आपल्या मनानं केला. विजापूरच्या त्या कंटाळ्यासारखा. काही घालायचं नाही, नुसतं थांबायचं. दोन हिवाळे गेल्यावर राजकुमारनं तिची किंमत दुप्पट लावली. भावकूअण्णा म्हणाला, "आदी गाळायचं पैसं घेत हुता, आता न गाळायचं जास्तीचं घेतोय. ह्या धंद्यात आळशी माणूस लई पुढं जातोय."

ह्याच वाइनच्या दोन पेट्या परत न्या, असं कोल्हापूरच्या एका हॉटेलानं कळवलं. तळाला चिखल आहे म्हणून. राजकुमार म्हणाला नवीन पाठवा. भावकूअण्णा म्हणाला, नवीनमध्ये बी गाळ असणारच, आणि स्वतः निघाला. सुट्टी होती म्हणून मीही बसमध्ये बसलो. कोगनोळीचा नाका ओलांडून दुपारी हॉटेलात पोचलो. भावकूअण्णानं वेटरांना गोळा केलं, गाळ बसायला बाटल्या कालपासून उभ्या ठेवल्यात का ते विचारलं, ठेवल्या नव्हत्या, म्हणून चुकून उभी राहिलेली एक शोधून काढली, आणि ती न हलवता, काकवी ओतावी तशी, बारीक धारेनं ग्लासात ओतली. शेवटचं बोटभर बाटलीतच ठेवलं. ग्लास उन्हात धरला. तांबडा, स्वच्छ.

शेजारच्या टेबलावरचा एक म्हातारा बघत होता. त्यानं बाटलीतल्या उरलेल्या गाळाकडे बोट दाखवलं आणि हळूच विचारलं, "हे औषधी असतं का हो? गुडघ्याला?"

भावकूअण्णानं बाटली वर उचलून उजेडात नीट बघितली.

"न्हाय," तो म्हणाला. "नुसता गाळ हाय."

म्हाताऱ्याचा विश्वास बसला नाही. आम्ही निघालो तेव्हा तो वेटरकडे चमचा मागत होता.